पिकअपच्या मागील डिफरन्शियलमधील तेलाचे तापमान : प्रकल्पाच्या नोंदी

११ फेब्रुवारी २०२४

जुन्या पिकअपच्या मागील हाउसिंगमधील (म्हणजे इंजिनाची शक्ती मागच्या दोन चाकांना वाटून देणारे डिफरन्शियल ज्या लोखंडी पेटीत असते तिच्यातील) पुढचे पिनियन बेअरिंग (पिनियन म्हणजे ती शक्ती आत आणणारा लहान गिअर) चौदा महिन्यांत दुसऱ्यांदा निकामी झाले, म्हणून आजपासून या नोंदी ठेवण्यास आरंभ करीत आहे. या गाडीचे काम दुहेरी आहे. ती संत्री अमरावतीच्या बाजारात पोहोचवते आणि परतल्यावर किराणा, सिमेंट, पत्रे असा माल घेऊन चिखलदरा व धारणीकडे चढते. म्हणजे आठवड्यातील निम्मे दिवस ती सपाट रस्त्यावर वेगाने धावते आणि उरलेले दिवस गाविलगडाच्या डोंगरातील घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढते. परतवाड्यापासून धामणगाव गढीमार्गे चिखलदरा तीसेक किलोमीटर असेल, पण तेवढ्यात सुमारे सातशे मीटरांची उंची गाठावी लागते.

काढलेले बेअरिंग आज भिंगाखाली पाहिले. पिंजरा दोन ठिकाणी तुटला आहे, रोलरच्या मोठ्या टोकावर घासल्याच्या वर्तुळाकार रेघा आहेत आणि आतल्या रेसवर, म्हणजे रोलर ज्या कडीवर फिरतात तिच्यावर, निळसर-जांभळी झाक आली आहे. पोलाद हा रंग धरते तेव्हा तेथील पृष्ठभाग तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचलेला असतो. हाउसिंगमधील सगळे तेल एवढे तापले असते तर ते केव्हाच जळून गेले असते; परंतु काढलेले तेल काळपट असले तरी जळलेले नव्हते. तेल शाबूत आणि बेअरिंग मात्र भाजलेले, याचा उलगडा होईपर्यंत तिसरे बेअरिंग टाकण्यात अर्थ नाही, असे माझे मत झाले आहे. बेअरिंग तर टाकावे लागेलच, कारण हंगाम थांबत नाही. पण या वेळी गाडी मोजमापासह धावेल.

२५ फेब्रुवारी

तापमानाचा संवेदक कोठे बसवावा यावर दोन रविवार गेले. तेल भरण्याच्या प्लगमध्ये तो बसवणे सर्वांत सोपे, पण ती जागा तेलाच्या पातळीच्या काठावर असल्यामुळे गाडी वळली किंवा चढाला लागली की संवेदक तेलाबाहेर राहील आणि फेसाळलेल्या हवेचे तापमान दाखवील. हाउसिंगच्या मागच्या बाजूस संवेदकासाठी धातूचा तुकडा वेल्ड करणे शक्य होते. मात्र वेल्डिंगच्या उष्णतेने हाउसिंग किंचित जरी वाकले तरी दोन्ही एक्सलची रेषा बिघडते, म्हणून तो विचार सोडला. शेवटी तळाचा ड्रेन प्लग निवडला. तेथे संवेदक कायम तेलात बुडालेला राहतो.

अडचण एकच होती. क्राऊन गिअर (पिनियन ज्याला फिरवते तो मोठा गिअर) तळाच्या किती जवळून फिरतो हे बाहेरून दिसत नाही. त्यासाठी तेल काढून घेतले, घरून घट्ट कणकेचा गोळा आणला, बोटाएवढी वात वळून जुन्या प्लगच्या आतल्या टोकावर उभी केली, तिला तेलाचा हात लावला आणि प्लग आवळला. मागची चाके जॅकवर उचलून हाताने चार फेरे दिले व प्लग अलगद उघडला. वातीचे टोक दातांच्या खाचांसह तिरपे कापले गेले होते आणि उरलेली उंची व्हर्निअरने १४ मिलिमीटर भरली. चार मिलिमीटर मोकळे सोडून संवेदक आत बसेल असा दहा मिलिमीटर उंचीचा पितळी खिसा लेथवर करून घेतला. आत पडलेले कणकेचे तुकडे निघावेत म्हणून हाउसिंग दोनदा डिझेलने धुतले, कारण तेलाच्या वाटेत पिठाचा कणही नको होता.

जुन्या प्लगवर चुंबक होते. गिअरची झीज दाखवणारी तीच एक खूण असल्यामुळे नव्या खिशाभोवती कडीच्या आकाराचे चुंबक बसवले आहे. साधे निओडिमियमचे चुंबक ऐंशी अंशांपुढे ताकद गमावू लागते. म्हणून फेराइटचे घेतले.

३ मार्च

डीएस१८बी२० जातीचे दोन संवेदक आणले आहेत, एक तेलासाठी आणि एक बाहेरच्या हवेसाठी. हा संवेदक उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत वाचतो. उणे १० ते ८५ या पट्ट्यात त्याची अचूकता अर्ध्या अंशाची आहे, त्याबाहेर ती ढिली होते. आपल्याला ज्या पट्ट्यात रस आहे तो नेमका ८५ च्या वरचा, म्हणून स्वतः पडताळणी करणे आवश्यक वाटले. बर्फाच्या पाण्यात दोन्ही संवेदकांनी शून्याच्या आगेमागे पाव अंशात वाचन दिले. उकळत्या पाण्यात १०० अंशांची अपेक्षा धरणे चुकीचे ठरते, कारण येथील जमीन समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरांहून उंच आहे आणि पाणी सुमारे ९८.८ अंशांनाच उकळते. तेलाच्या संवेदकाने ९९.४ दाखवले, म्हणजे सहा दशांशांचा फरक नोंदवून ठेवावा लागेल. एवढ्यावर काम चालेल.

वाचन ईएसपी३२ या छोट्या संगणकी बोर्डावर दर पाच सेकंदांनी घेऊन कार्डावर लिहिले जाते. वायर ब्रेकच्या पाइपाला बांधत नेली असून चासीवर चढताना तिला एक मोठा वळसा दिला आहे. पाटे खालीवर होतात तेव्हा ताणली जाणारी वायर आठ दिवस टिकत नाही.

१४ मार्च

पहिल्या चार फेऱ्यांची माहिती फेकून द्यावी लागली. अमरावतीच्या फेरीत तेल पाऊण तास ठाम ८५ अंशांवर स्थिर राहिल्याचे दिसले आणि मी ते खरे मानून वहीत लिहूनही टाकले. रात्री पुन्हा आलेख पाहताना खटकले. एवढे लोखंड आणि पावणेदोन लिटर तेल चढ-उतारांवर एका दशांशानेही हलत नाही, हे शक्य नाही. या संवेदकाचा वीजपुरवठा क्षणभर तुटला की तो पुन्हा सुरू होताना मोजमाप पूर्ण होईपर्यंत नेमका ८५ हाच आकडा परत देतो. आपल्या जोडणीत अर्थिंगची वायर चासीच्या गंजलेल्या बोल्टला लावलेली होती आणि प्रत्येक खड्ड्याला ती तुटत-जुळत होती.

दोष सापडल्यावर संवेदकाची अर्थिंग वायर थेट बोर्डापर्यंत स्वतंत्र नेली. शिवाय आकडा नेमका ८५.० असेल आणि आधीच्या वाचनापासून दोन अंशांहून दूर असेल तर तो टाकून द्यावा, अशी अट प्रोग्रॅममध्ये घातली. डिफरन्शियलच्या तेलाच्या बाबतीत ८५ हा अगदी पटण्यासारखा आकडा असल्यामुळे ही चूक विशेष घातक आहे. हेच काम करणाऱ्या कोणालाही मी सर्वांत आधी हीच गोष्ट सांगेन.

हवेचा संवेदकही हलवला. तो हौद्याखाली सायलेन्सरच्या नळीपासून दीड हातावर होता आणि हवेपेक्षा नऊ अंश जास्त दाखवत होता. आता तो पुढच्या बंपरमागे, रेडिएटरच्या पुढे आहे.

७ एप्रिल

आता विश्वास ठेवण्याजोगे आकडे मिळू लागले आहेत. यापुढे तेलाच्या नुसत्या तापमानाऐवजी तेल आणि हवा यांच्यातील फरक मुख्य धरणार आहे. हाउसिंगला थंड ठेवणारे दुसरे काहीही नाही; त्याच्या लोखंडी पृष्ठावरून वाहणारी हवा हीच त्याची एकमेव सोय. त्यामुळे जानेवारीतील ८० अंश आणि मे महिन्यातील ८० अंश यांचा अर्थ एक नसतो. तेल सावकाश तापते व सावकाश निवते, म्हणून हवेचे त्या क्षणाचे नव्हे तर मागील अर्ध्या तासाचे सरासरी तापमान वजा करतो.

रिकामी गाडी, सपाट रस्ता : फरक २८ ते ३०. सव्वा टन संत्री, सपाट रस्ता, ताशी ६५ ते ७० किलोमीटर : फरक ४३. सव्वा टन माल, चिखलदऱ्याचा घाट : माथ्यावर फरक ६७. घाटात इंजिनाची जवळजवळ सगळी शक्ती पिनियनमधून जाते आणि वेग मात्र ताशी २०-२५ असल्यामुळे वारा लागत नाही. उष्णता अधिक निर्माण होते आणि कमी बाहेर पडते. उतरताना इंजिनाच्या ब्रेकवर गाडी आणली तरी तेल सोळा अंशांनी निवले.

उष्णता येते कोठून, हेही येथे लिहून ठेवतो. या गाडीचे क्राऊन-पिनियन हायपॉइड जातीचे आहे, म्हणजे पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली आहे. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर लांबीच्या दिशेने घसरतातही. त्या घसरणीत साधे तेल पिळून बाहेर जाते. म्हणून जीएल-५ दर्जाच्या तेलात गंधक व फॉस्फरसयुक्त रसायने असतात, जी दाबाखाली पोलादावर पातळ थर धरतात आणि धातूऐवजी स्वतः झिजतात. दातांच्या घसरणीखेरीज बेअरिंगवरचा प्रीलोड (बसवताना आवळून दिलेला दाब) आणि क्राऊनने सतत घुसळले जाणारे तेल हे उष्णतेचे आणखी दोन उगम आहेत.

२१ एप्रिल

घुसळण्याचा भाग किती मोठा असू शकतो हे आज प्रत्यक्ष दिसले. तेलाची पातळी तपासण्यासाठी गाडी वर्कशॉपच्या अंगणात न ठेवता बाजार समितीच्या सपाट ओट्याजवळ नेली. प्लग उघडताच तेलाची धार लागली आणि पातळी भोकाच्या खालच्या कडेशी येईपर्यंत साडेतीनशे मिलिलिटर तेल बाहेर आले. आमचे अंगण रस्त्याकडे उतरते आहे आणि आम्ही वर्षानुवर्षे तेथेच तेल भरत आलो. गाडी कलती उभी राहिल्याने भोक प्रत्यक्षाहून उंच येत असे व तेवढे तेल जास्त जात असे. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षितता, अशी आमची समजूत होती.

त्याच वजनाच्या आणि त्याच वेगाच्या पुढच्या फेरीत सपाट रस्त्यावरील फरक ४३ वरून ३७ वर आला. एक रुपयाही खर्च न होता सहा अंश कमी झाले. खनिज तेलाच्या बाबतीत तापमान दहा अंशांनी वाढले की ऑक्सिडेशनचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ठोकताळा लक्षात घेतला तर सहा अंश ही लहान गोष्ट नाही. अंगणात पाण्याची पातळी लावून चार ठोकळे सिमेंटमध्ये बसवून घेतले आहेत. तेल भरताना चारही चाके त्यांवर आली पाहिजेत.

१२ मे

घाटाची भर दुपारची फेरी. पायथ्याशी हवा ४२, माथ्याजवळ ३५, चढण्याच्या काळातील सरासरी ३९. तेल १०३ अंशांपर्यंत गेले, फरक ६४. आकडे अपेक्षेप्रमाणे आहेत, पण खाली आल्यावर प्लगपाशी हात लावला तर संवेदकाच्या वायरचे आवरण भिजलेल्या चामड्यासारखे मऊ पडलेले आढळले. बाजारात मिळणाऱ्या या तयार संवेदकांचे टोक स्टीलचे असते, मात्र वायर साध्या पीव्हीसीची असते आणि ती एवढी उष्णता फार दिवस सोसत नाही.

दुसरी चूक माझी स्वतःची. प्लग काढला तेव्हा पितळी खिसा काळा पडलेला होता. ज्या गंधकामुळे गिअर वाचतात तेच गंधक उष्णतेत तांबे व पितळ यांना लागते. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा असल्यामुळे, जेथे कंपनीने जीएल-४ सांगितले आहे तेथे जीएल-५ ओतू नये असे मी इतरांना सांगत असतो, आणि स्वतः पितळेचा खिसा त्याच तेलात बुडवून बसलो.

१९ मे

स्टेनलेस स्टीलचा नवा खिसा बसवला. त्यात पीटी१०० जातीचा तीन वायरींचा संवेदक आणि टेफ्लॉनची वायर आहे. शून्य अंशाला त्याचा रोध १०० ओहम असतो व १०० अंशांना १३८.५ ओहम होतो; एका अंशाला जेमतेम ०.३८५ ओहम मिळत असल्यामुळे चार मीटर लांब वायरीचा स्वतःचा रोधही वाचन बिघडवू शकतो. तिसरी वायर त्यासाठीच असते. बर्फ आणि उकळते पाणी या दोन्ही ठिकाणी वाचन तीन दशांशांच्या आत आले.

२६ मे

मिस्त्रीकाकांचे म्हणणे पहिल्या दिवसापासून एकच आहे. "भाऊ, एकशे चाळीसच टाका. गरमीत नव्वद नंबर त पाण्यावानी पातय होते." त्यांनी चाळीस वर्षे हाउसिंग उघडले-मिटले आहेत, तेव्हा त्यांचे मत मोजून पाहणे मला आवश्यक वाटले. १०० अंशांना ९० क्रमांकाच्या तेलाची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक असते, तर १४० क्रमांकाच्या तेलाची २४ ते ३२.५. म्हणजे तापलेल्या अवस्थेत १४० खरोखरच बरेच जाड राहते आणि दातांमधील थर जाड धरते. काकांचे म्हणणे या अर्थाने बरोबर आहे.

८५डब्ल्यू-१४० भरून दोन फेऱ्या केल्या. सपाट रस्त्यावर फरक ३७ वरून ४२ झाला. जाड तेल घुसळण्यात शक्ती जाते. घाटात मात्र ६४ चा ६३ झाला, जो फरक मोजमापाच्या चुकीत बसतो, कारण कमी वेगात घुसळणे कमी असते आणि उष्णता मुख्यतः दातांच्या दाबातून येते. दोन फेऱ्यांवर निकाल देणे घाईचे होईल. ज्या गाड्या दिवसभर घाटातच असतात त्यांच्यासाठी १४० योग्य ठरू शकते. आमची गाडी निम्मा वेळ सपाटीवर वेगाने धावते आणि कंपनीच्या पुस्तिकेतही ९० च लिहिले आहे, म्हणून पुन्हा ८०डब्ल्यू-९० भरले. काकांना आलेख दाखवला, त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि घाटाच्या भागावर बोट ठेवून "इथं माया म्हनन्यात चूक नाई ना?" असे विचारले. चूक नाही, असे मी सांगितले.

९ जून

आजची नोंद या सर्व प्रयत्नांतील सर्वांत महत्त्वाची आहे.

दुसऱ्या, म्हणजे नव्या गाडीवर संवेदक नाही. तिच्या पिनियनच्या नाकावर, सीलच्या मागे जेथे पुढचे बेअरिंग बसते त्या भागावर, गेल्या आठवड्यात उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका लावला होता. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर नेहमी कमी आकडा दाखवतो. काळ्या मॅट ठिपक्यावर तो खरे वाचतो. जुन्या गाडीवरही तसाच ठिपका आहे आणि तेथे नाकाचे तापमान तेलापेक्षा पाच ते सात अंशांनी जास्त राहते, हे आठ फेऱ्यांत पाहिले आहे.

आज दोन्ही गाड्या सारख्या वजनाने लागोपाठ घाट चढल्या. माथ्यावर गाडी थांबताच मी खाली वाकलो. जुन्या गाडीचे नाक १०४. नव्या गाडीचे नाक १२८. नव्या गाडीच्या हाउसिंगचा तळ मात्र ९१, म्हणजे आतले तेल फार तर ९६ च्या आसपास असणार. तीन वेळा मोजले. आकडा बदलला नाही. गाडीला कसलाही आवाज नव्हता आणि चालकभाऊंना काहीही जाणवले नव्हते. थंड झाल्यावर सपाट जागी प्लग उघडला, तेव्हा तेल बोट पूर्ण आत घातले तरी लागले नाही. पातळी आणण्यासाठी सहाशे मिलिलिटर तेल घालावे लागले.

फेब्रुवारीत पडलेला प्रश्न येथे सुटतो. पुढच्या पिनियन बेअरिंगला स्वतःचे असे तेल नसते. क्राऊनने उडवलेले तेल हाउसिंगमधील वाटेने पुढे येते आणि बेअरिंगमधून परत खाली जाते. चढावर गाडीचे तोंड वर होते, त्यामुळे पिनियनचे नाक उचलले जाऊन तेल मागे सरकते. पातळी पुरेशी असेल तर उडणारे तेल तरीही पुढे पोहोचते. ती कमी असेल तर चढाच्या चाळीस-पन्नास मिनिटांत बेअरिंग जवळजवळ कोरडे फिरते, रोलरची टोके कडेवर घासतात आणि रेस निळी पडते. त्याच वेळी तळाशी असलेले थोडे तेल, घुसळले कमी जात असल्यामुळे, साधारणच तापते. म्हणजे ज्या परिस्थितीत धोका सर्वाधिक आहे त्याच परिस्थितीत तेलाचा संवेदक सर्व ठीक असल्याचे सांगतो.

जुन्या गाडीचे पहिले बेअरिंग याच कारणाने गेले असावे; अंगणात भरताना तेल जास्त जात असले तरी ते मधल्या काळात गळून पातळी खाली गेली असणार. दुसऱ्या बेअरिंगच्या वेळी रेस तशीच निळी होती, तेव्हा पातळी मधल्या काळात पुन्हा खाली गेली असणार. गळतीकडे मात्र आम्ही लक्ष दिले नव्हते.

१६ जून

गळतीचे कारण सापडले. नव्या गाडीचे पिनियन सील दोन महिन्यांपूर्वीच बदलले होते, तरी ते तेलाने ओले होते. सीलमध्ये दोष नव्हता. हाउसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे आतल्या हवेला ये-जा करण्याची छोटी वाट, शेताच्या काळ्या मातीने पूर्ण बुजला होता आणि ती माती वाळून इतकी घट्ट झाली होती की तारेने टोकरावी लागली. हाउसिंग तापले की आतली हवा फुगते; ब्रीदर बंद असेल तर ती सीलच्या ओठातून वाट काढते आणि सोबत तेल नेते. दोन्ही गाड्यांचे ब्रीदर काढून तेथे रबरी नळी जोडली, तिचे टोक हौद्याच्या आडव्या पट्टीपर्यंत वर नेले आणि पावसाचे पाणी शिरू नये म्हणून खाली वळवले.

१४ जुलै

जुन्या गाडीची धारणी फेरी. घाट उतरून गाडी लगेच रपट्यावर आली आणि गुडघ्याएवढ्या वाहत्या पाण्यातून हळू निघाली. आलेखात तेल तीन मिनिटांत ८८ वरून ७१ वर कोसळलेले दिसते. संपूर्ण वर्षात एवढा तीव्र उतार दुसरा नाही. गरम हाउसिंग एकाएकी निवले की आतली हवा आकसते आणि ओढ निर्माण होते. ब्रीदरची नळी वर नेलेली नसती तर ती ओढ थेट पाण्यातून भागली असती. तरीही दुसऱ्या दिवशी तळाचे थोडे तेल काचेच्या बाटलीत काढून पाहिले. ते स्वच्छ होते. मागच्या वर्षी याच दिवसांत काढलेले तेल ताकासारखे पांढरट होते आणि आम्ही ते जुने झाले म्हणून असे दिसते, असे समजून पुढे आणखी महिनाभर चालवले होते.

चालकभाऊंशी ठरवले आहे : घाट उतरल्यावर रपट्यावर पाणी असेल तर अलीकडेच वीस मिनिटे गाडी उभी करावी. चहाला तेवढा वेळ लागतोच, असे त्यांचे म्हणणे. पाणी जोराचे असेल तर अर्थातच गाडी घालायचीच नाही. तो विषय तेलाचा नाही.

१८ ऑगस्ट

नव्या गाडीचे भाजलेले पुढचे बेअरिंग बदलले आणि रिकामी गाडी चाळीस किलोमीटर चालवून पाहिली. नाक ११८ अंश! तेलाची पातळी बरोबर, ब्रीदर मोकळा, मग राहिला प्रीलोड. पिनियनच्या फ्लँजला दोरी गुंडाळून ताणकाट्याने ओढले, तेव्हा फिरण्यास लागणारा जोर पुस्तिकेतील वरच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट निघाला. दोन बेअरिंगांमधला दबणारा स्पेसर (अंतर राखणारी नळी) आम्ही नट आवळताना प्रमाणापेक्षा जास्त दाबला होता. अशा वेळी नट थोडा सैल करून भागत नाही, कारण दबलेला स्पेसर परत फुलत नाही आणि बेअरिंग ढिले राहते. नवा स्पेसर घालून, प्रत्येक पाव फेऱ्यानंतर काटा लावत, पुन्हा आवळले. दुसऱ्या चाचणीत नाक ७९.

नवी बेअरिंगे बसेपर्यंत तापमान किंचित जास्त राहते, म्हणून पहिले पाचशे किलोमीटर निम्मा माल आणि घाट नाही, असे ठरवले. धाकटा भाऊ यावर नाराज आहे, कारण पोळ्याच्या आधी किराण्याच्या फेऱ्या वाढतात. त्या जुन्या गाडीवर घेतल्या.

याच आठवड्यात मागच्या चाकांचे घेर खडूची खूण करून जमिनीवर एक फेरा लोळवून मोजले. नव्या गाडीच्या डाव्या व उजव्या टायरांत चार सेंटिमीटरचा फरक निघाला. एक टायर नवा, दुसरा घासलेला. अशा स्थितीत सरळ रस्त्यावरही आतील लहान गिअर सतत फिरत राहतात. मागे सारख्या घेराचे टायर येतील अशी टायरांची अदलाबदल केली. तापमानात दोन-एक अंशांचा उतार दिसला, पण त्या दिवशी ढगाळ हवा होती, म्हणून हा आकडा मी निष्कर्षात धरत नाही.

६ ऑक्टोबर

जुन्या गाडीचे तेल काढले. रंग गडद, वास सौम्य, बाटलीच्या तळाशी पाणी नाही. चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप आहे. बोटांत चोळला तर खरखर लागत नाही. गेल्या वर्षी याच जागी नखाएवढे चमकदार कपचे निघाले होते. पुढच्या बेअरिंगने या हंगामात घाटाच्या एकतीस फेऱ्या केल्या आहेत.

जुन्या गाडीच्या पिनियनच्या नाकावर आता दुसरा पीटी१०० पितळी पट्टीने कायम आवळला आहे. तेथे तो तेलात नसल्यामुळे पितळ चालते. डॅशबोर्डावर दोन दिवे आणि एक बजर बसवला. तेल १०५ च्या वर गेले की पिवळा दिवा लागतो. ११५ ला बजर वाजतो, कारण पिनियनचे सील नायट्रिल रबराचे आहे आणि त्यापुढे ते कडक होऊ लागते. लाल दिव्याला मात्र तेलाच्या आकड्याशी देणेघेणे नाही. नाक आणि तेल यांच्यातील फरक पंधरा अंशांच्या वर पाच मिनिटे टिकला की तो लागतो. चालकभाऊंना तीन आकडे दाखवण्याऐवजी एवढेच सांगितले आहे की, पिवळा लागला तर वेग कमी करावा आणि लाल लागला तर जेथे असाल तेथे थांबून फोन करावा.

मिस्त्रीकाकांनी आज स्वतःहून नव्या गाडीच्या नाकावरील काळा ठिपका घासून पुन्हा रंगवला आणि त्या गाडीसाठी दुसरा संवेदक कधी येणार, असे विचारले. मागवला आहे. अंबिया बहाराची संत्री निघण्यापूर्वी तो बसायला हवा; वायर यावेळी उजव्या बाजूने न्यावी लागेल, कारण डावीकडे ब्रीदरची नळी आहे.